सात नंबरचं दार

"कॅप्टन वातेल? लुदिविन खोलीत बसून आहे, उठायला तयार नाही. तुम्हालाच बोलवा म्हणते."

फोन नोएमीचा होता. ती सिनेमाची दिग्दर्शिका. गिस्लेन वातेलने कॉफीचा कप खाली ठेवला. पोलिसातून निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, गुडघे तर आधीच निवृत्त झाले होते. पण हे नाव ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय नव्हती.

उत्तर फ्रान्समधल्या रूबे गावात, बंद पडलेल्या कापड गिरणीमागे बायकांचं वसतिगृह होतं. तिथल्या सात नंबरच्या खोलीत वीस वर्षांपूर्वी लुदिविनवर बलात्कार झाला. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. खोलीत अंधार होता, माणूस ओळखू आला नाही. जबाबात तिने सांगितलं की मी दारापर्यंत पोचले, जीव खाऊन ओढलं, पण ते उघडलं नाही. पोलिसांनी दार बघितलं. त्याला कुलूप नव्हतं आणि कडी कधीचीच तुटलेली होती. फाइलच्या शेवटच्या पानावर मग एक वाक्य आलं: "दार बंद राहणं शक्य नाही, फिर्यादीवर विश्वास ठेवता येत नाही."

वाक्य साहेबांचं होतं. टाइप करणारी बोटं गिस्लेनची होती. त्या पानाला आणखी नऊ दिवसांनी वीस वर्षं पुरी होणार होती. तोवर फाइलला नवीन कागद लागला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने प्रकरण कायमचं संपणार होतं.

लुदिविन लोखंडी खाटेच्या कडेला बसली होती. सिनेमा तिच्याच हकिगतीवर होता, पण नावं आणि गाव बदललेलं होतं. हीच ती खोली, हे नोएमी आणि ती सोडून युनिटमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तेव्हाचे बाकीचे पोलीस सगळे घरी बसले," लुदिविन म्हणाली. "उरलात तुम्ही एकट्या."

"काय झालं सकाळी?"

"दार उघडलं नाही."

तालीम चालू होती. नटीने दाराकडे धावायचं, ओढायचं आणि ते उघडत नाही असं दाखवायचं, एवढंच ठरलेलं. पण दार खरंच उघडलं नाही. तिची दोन नखं उलटली. ती किंचाळली तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, काय काम करते पोरगी.

"मला नखांचं नंतर कळलं," लुदिविन म्हणाली. "मी आवाज ऐकला. लाकूड फरशीला चरचरतं ना, तो. वीस वर्षं मला वाटायचं तो आवाज मीच मनाने जोडलाय. तुम्ही लोकांनी इतकं विचारलं होतंत, की मलाही माझा भरवसा राहिला नव्हता."

गिस्लेन दारापाशी गेली.

दाराखाली लाकडी पाचर सापडली होती. हातभर सुद्धा नाही, चार बोटं रुंद. दार आत उघडणारं. आतून पाचर ठोकली की कुलूप कशाला हवं? जाताना काढून खिशात घातली की मागे काही उरत नाही. साहेब या दारापुढे अर्धा तास उभे होते, तीही होती. दोघांपैकी एकानेही खाली बघितलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पाचर मुठीच्या बाजूला, दाराच्या मोकळ्या टोकाखाली सरकवली. कुणीही तिथेच लावतं. पाचर निसटली. तिथली फरशी पायांनी झिजून खोलगट झाली होती. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. बऱ्याच खटपटीनंतर मधल्या उंच फरशीवर ती घट्ट बसली. फक्त तिथेच.

"हिच्यावर चिकटपणा कसला आहे?" तिने विचारलं.

उत्तर क्लोतिल्दने दिलं. कप मागच्या शॉटमध्ये कुठे होता, बाही किती दुमडलेली होती, हे फोटो काढून टिपून ठेवणं हे क्लोतिल्दचं काम. साठीची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, कुणाची भीडभाड नाही.

"चिकटपट्टी होती. हा बघा फोटो, आठ चाळीसचा. हिरवी पट्टी दिसतेय? आता नाही. कुणीतरी सोलली."

फोटोत पाचर दाराच्या बरोबर मधोमध होती.

"खोली कधी उघडली?"

"साडेआठला. सगळे आत आलो, पण त्या दहा मिनिटांत दारापाशी तिघंच होते. किल्लीवाला ओमेर, दिव्यांचा सिल्व्हां आणि कॅमेऱ्याचे रूळ अंथरणारा गाएतां."

"हिरवी पट्टी कुणाची?"

"रूळवाल्यांच्या सगळ्या सामानाला असते. पण त्यांच्या पेटीत पाचरी चाळीस, आणि ज्याला लागेल तो उचलतो. हात साफ कुणाचेच नाहीत इथे."

गिस्लेन खाली गाडीत जाऊन बसली आणि जुनी फाइल उघडली. घटनेच्या आठवड्यात वसतिगृहाच्या खिडक्या बदलायचं काम चालू होतं. तीन सुतार. त्यांची नावं कुणी लिहूनच घेतली नव्हती. खोटं बोलणाऱ्या मुलीसाठी कोण एवढे कष्ट घेणार. ठेकेदाराचं नाव मात्र होतं. तिने एक फोन केला, बराच वेळ ऐकलं आणि मग गुडघ्यांना शिव्या देत परत जिना चढली.

ओमेर सत्तरीचा होता.

"पाचर तुम्ही लावलीत?"

"छे हो. हे दार आपोआप उघडतं, जमीनच उतरती. इथल्या बाया खुर्ची लावायच्या म्हणे. मीही तेच करतो."

"तुम्ही इथे कधीपासून?"

"बारा वर्षं. त्याआधी बंदरावर, डंकर्कला."

सिल्व्हांने हात वर केले. "मी तारा ओढत होतो, कॅप्टन. दार उघडं होतं का बंद, देव जाणे."

गाएतां व्हेरमार पन्नाशीतला, रुंद खांद्यांचा, सभ्य बोलणारा.

"इथे आधी कधी आला होतात?"

"बायकांचं वसतिगृह, मादाम. मला कोण आत घेणार?"

"सिनेमात किती वर्षं?"

"एकोणीस."

"त्याआधी?"

"मिळेल ते काम."

"पाचर तुमची?"

"आमच्या पेटीतली असेल. लावली कुणी, मला नाही माहीत."

"ठीक आहे. एक छोटं काम करा तिघंही. एकेकाने आत या आणि हे दार बंद राहील असं करा."

ओमेरने आजूबाजूला बघितलं आणि खुर्ची ओढली. सिल्व्हांने मुठीच्या बाजूला पाचर लावली. निसटली. शिवी घातली, चप्पल अडकवून बघितली, शेवटी पाच मिनिटांनी मधली फरशी सापडली तेव्हा गड जिंकल्यासारखा हसला.

गाएतांने मुठीच्या बाजूला पाचर लावली. निसटली. त्याने खांदे उडवले.

"नाही राहत. फरशी खराब आहे."

क्लोतिल्दने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू? अरे, गेल्या वर्षी चढावर तू अख्खा ट्रक थांबवला होतास."

गिस्लेन खुर्चीवर बसली, कारण उभं राहून एवढं बोलणं आता तिला झेपत नव्हतं.

"मिस्यू व्हेरमार, सकाळी दार मध्ये मध्ये येत होतं. तुमचं लक्ष रुळांकडे. हाताने आपसूक पाचर लावली, एका दमात, मधोमध. इथे नव्याने आलेल्या माणसाला ते जमत नाही. मला जमलं नाही, सिल्व्हांना जमलं नाही. ज्याने हे पूर्वी केलंय, त्यालाच जमतं."

"कुणी म्हटलं ती मी लावली?"

"तुम्हीच, आत्ता. चढावर ट्रक थांबवणारा माणूस पहिल्या झटक्यात हार मानतो? ओमेर आणि सिल्व्हांना काही लपवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मनापासून खटपट केली. तुम्ही मधली फरशी टाळलीत. ती फरशी टाळायची असते, हे ती ठाऊक असणाऱ्यालाच सुचतं."

"पाचर लावणं गुन्हा आहे का?"

"नाही. म्हणून तर विचारते. चुकून राहिली, पोरीची नखं गेली, माफ कर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पट्टी सोलून लपवायची कशाला?"

गाएतांने आपल्या पेटीचं झाकण लावलं.

"या इमारतीतलं शूटिंग नाकारलं असतंत, तर लोकांनी कारण विचारलं असतं. म्हणून आलात. वाटलं, वीस वर्षं झाली, कोण ओळखतंय. पण खिडक्यांचा ठेकेदार अजून जिवंत आहे, नव्वदीचा. तो म्हणाला, गाएतां हाताला फार चांगला, सात नंबरच्या खिडकीला दोन दिवस लावले त्याने. मग अचानक काम सोडून गेला, पुढे सिनेमात शिरला म्हणे."

"म्हातारा बरळतोय."

"असेल. पण तिच्या त्या दिवशीच्या कपड्यांची पिशवी अजून मोहोरबंद आहे. तपासणीला पाठवलीच नाही, कारण तिच्यावर विश्वास नव्हता. आमच्या त्या पापाचा एवढाच उपयोग, की पिशवीला कुणी हात लावलेला नाही. त्यावरचे डाग तुमच्याशी ताडून बघायचा न्यायाधीशांचा हुकूम संध्याकाळपर्यंत येईल."

गाएतांने दारात उभ्या असलेल्या लुदिविनकडे बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग तो आपल्या हिरव्या पट्टीच्या पेटीवर मटकन बसला आणि वकील मागितला. गिस्लेनने बोलावून ठेवलेले शिपाई त्याला खाली घेऊन गेले तेव्हा क्लोतिल्दने, कुणी सांगितलं नसताना, पेटीचा फोटो काढून ठेवला.

खोलीत दोघीच उरल्या. गिस्लेनने मांडीवर लॅपटॉप उघडला. दोन बोटांनीच टाइप करायची सवय होती, ती गेली नव्हती. तिने नवा जबाब लिहिला, तारीख टाकली आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं: "दार आतून पाचर लावून बंद केलेलं होतं. फिर्यादीने पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं आहे."

"हे वाक्य कुणाचं?" लुदिविनने विचारलं.

"माझं."

"आणि आधीचं?"

"साहेबांचं. पण टाइप मी केलं. मला तेव्हाही ते खोटं वाटत होतं. मी गप्प बसले."

लुदिविन रागावली असती तर गिस्लेनला सोपं गेलं असतं.

"मी समोर बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत. तुमचा चेहरा मला आठवतच नाही, नुसती बोटं आठवतात."

"हो."

"आता बघा."

गिस्लेनने लॅपटॉप मिटला आणि मान वर केली. पाचर नसलेलं दार तिच्या मागे हळूहळू आपोआप उघडत गेलं. दोघींपैकी कुणीही ते लावायला उठलं नाही.