बोलक्या वेलीची माती

या मंडळी, जवळ या. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, कारण आजचं आख्यान हळू आवाजातलं आहे. यात राजा नाही, राक्षस नाही. एक पेटीवाला आहे, एक वेल आहे आणि एक कुंडी. देवाच्या कृपेनं शेवटापर्यंत नेईन. तुम्ही फक्त कान द्या.

सांगलीत, नदीपासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीत विद्याधर सोहनी राहायचे. जन्मभर पेटी वाजवली, तीही एकाच कीर्तनकाराच्या मागं. ती म्हणजे त्यांची बायको, तृप्तीताई. ताई उभ्यानं बोलायच्या, गायच्या. विद्याधर खाली बसून त्यांच्या पावलांकडं बघायचे आणि ओळखायचे, आता श्वास घेणार, आता पद उचलणार. लोक म्हणायचे, या दोघांचं भांडण तरी तालात होत असेल.

त्या काळात घरोघरी ध्वनिवेल आली होती. दिसायला मनीप्लांटची थोरली बहीण. पानं तळहाताएवढी, पेरापेरांतून लोंबणारी मुळं. शास्त्रज्ञांनी तिच्यात एकच गोष्ट बदलली होती. कोवळं पान उलगडताना खोलीत जे आवाज होतील, त्यांच्या कंपनांनी त्याच्या शिरा घडत जायच्या. पान जून झालं की आवाज आत मुरला. मग देठाला चिमुकला चिमटा लावायचा, की पान बोलू लागे. मात्र पोटातलं काय बाहेर काढेल, ते त्या दिवशीच्या उजेडावर आणि शिरांत खेळणाऱ्या पाण्यावर. आज फोडणीची चरचर, उद्या पहाटेचा रियाज. ताईंच्या कीर्तनांची चित्रणं ढीगभर होती, पण ती सगळी ऐकून झालेली. न ऐकलेल्या ताई फक्त वेलीत होत्या.

‘होत्या’ म्हणायचं कारण, एका चैत्रात ताई गेल्या. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला, आणि उत्तररंगाला उभं राहता राहता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आख्यान तिथंच राहिलं. पेटीचा भाता बराच वेळ हलत होता म्हणतात.

विद्याधरांनी अस्थी नदीत सोडल्या, पण मूठभर राख मागं ठेवली. ध्वनिवेलीच्या कुंडीत विकणाऱ्यानं काय भरलं होतं? झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाची सोडणं, कोळसा. ‘हिचा आवाज जपणाऱ्या वेलीला असला केरकचरा?’ त्यांना ते बघवेना. नदीकाठची काळीभोर माती आणली, तीत राख कालवली आणि तुळशीला लावतात तशी मुठीनं दाबून दाबून कुंडी भरली. रोज पूजा झाली की तांब्याभर पाणी. हात जोडायचे आणि मग चिमटा लावायचे.

आषाढात पानं पिवळी पडू लागली. ताईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येई. श्रावणात तर शब्दच कळेनात.

मिरजेहून नफीसा मुजावर आली. ध्वनिवेलींचा अभ्यास करणारी, ताईंच्या कीर्तनाला लहानपणापासून पुढं बसणारी पोर. तिनं कुंडीत बोट खुपसलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

“काका, हे काय ओ केलंत?”

“माती बदलली. चांगली, कसदार.”

“उसाला कसदार. ही वेल रानात झाडांवर चढते, तिची मुळं निम्मी हवेतच जगतात. चिकणमातीत पाणी साचलं, मुळांना श्वास मिळंना, सडली ती. आणि हे पांढरं काय?”

विद्याधरांची नजर भिंतीवरच्या ताईंच्या तसबिरीकडं गेली. नफीसाला कळलं. मग त्यांच्याशेजारी फरशीवरच बसली.

“राखेत खार असतो काका. हिला सोसत नाही.”

“म्हणजे तिनंच...”

“नाही! ताईंनी नाही. आणि तुम्हीही मुद्दाम नाही.”

“वाचव पोरी हिला. काय पाहिजे ते कर.”

फोनवर लक्षणं ऐकूनच नफीसानं दोन पिशव्या भरून आणल्या होत्या, त्या पुढं ठेवल्या. एकीत भरड साली, सोडणं, कोळसा, थोडं गांडूळखत. “यात लावली तर जगेल. पण सडलेलं खोड कापावं लागेल. वेल नवी पानं काढायला जुन्या पानांतला रस ओढून घेईल. जुनी गळतील.”

“ती पानं म्हणजे तृप्ती आहे.”

“म्हणून ही दुसरी आणली. नुसती खडी आणि कोळसा, खत नाही. वाढ थांबेल. जुनी पानं दिवाळीपर्यंत, फार तर थंडीपर्यंत बोलतील. मग सगळीच जाईल. कुठलं मिश्रण भरू, ते मी नाही सांगणार काका.”

“दुसरं भर,” विद्याधर लगेच म्हणाले. “थंडीपर्यंत तर थंडीपर्यंत. नंतर मला तरी कुठं जगायचंय?”

नफीसानं खडीची पिशवी उघडली. मुळं धुवायच्या आधी तिनं सवयीनं एका पानाला चिमटा लावला, जीव किती उरलाय ते बघायला. खरखर झाली. मागं पेटीचे सूर, विद्याधरांचेच, कुठल्याशा तालमीतले. आणि मग ताई, वैतागलेल्या, आषाढानंतर पहिल्यांदाच अगदी स्वच्छ:

“अहो, किती दाट वाजवता! मधे मोकळं सोडा की जरा. मी काय गुदमरून गाऊ? एवढा जीव लावू नका, दुसऱ्यालाही फुटू दे काहीतरी!”

पाठोपाठ त्यांचं हसू, आणि पान गप्प झालं.

विद्याधरांना ती तालीम आठवेना. आयुष्यभर असं शंभरदा म्हणाली असेल. त्यांनी खडीच्या पिशवीचं तोंड स्वतः बांधलं.

“ते साली-सोडणांचं भर,” म्हणाले. “आणि दाबू नकोस.”

काढलेली माती टाकवेना. नफीसा म्हणाली, “खालच्या कडुनिंबाला घाला काका. त्याला खार सोसतो.” विद्याधरांनी टोपलं डोक्यावर घेऊन खाली नेलं. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, काय ओ हे? “माणूस आहे घरातलं,” एवढंच बोलले.

मग पानं गळाली. एकेक, आवाज न करता. गळलेलं पान बोलत नाही. तरी विद्याधर प्रत्येक उचलून देवापुढं ठेवायचे. घर इतकं गप्प झालं की नफीसाला भीती वाटली. “काका, कोंब आलाय. घर गप्प असेल तर पान मुकं निघेल.” तेव्हा त्यांनी पेटीवरचं कापड काढलं. ताईंची पदं वाजवू लागले, पण तिच्या गाण्याची जागा मोकळी सोडून. पेटी थांबे, तिचं गाणं मावेल एवढा वेळ जाई, पुन्हा पेटी.

पान जून झालं त्या दिवशी नफीसा मुद्दाम आली. चिमटा लावला. पेटी वाजली. थांबली. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी बारीक, फाटक्या गळ्यानं गुणगुणलं.

विद्याधर दचकले. “हे कोण?”

“तुम्हीच की काका.”

“मी? अगं, मी जन्मात गायलो नाही. ती म्हणायची, यांच्या गळ्यात देव सूर घालायलाच विसरलाय.”

“कळलं नसेल तुम्हाला. आवाज तुमचाच आहे.”

त्यांनी पुन्हा ऐकलं. आवाज आपला, हे पटलं. पण शेवटी सूर किंचित खाली सोडून मग उचलायचा, ती मुरकी? ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती तृप्तीची होती.

“पोरी, वेल जे ऐकते तेच साठवते ना? मग ही लकब तिनं कुणाकडून ऐकली?”

नफीसानं चिमटा काढला आणि जुनी पानं गळाली होती त्या पेरांवरून बोट फिरवलं. तुम्ही सांगू शकाल का, मंडळी?

नसेल सांगता येत तर राहू द्या. एवढंच करा: घरी पेटी वाजली, कुणी स्वयंपाकघरात गुणगुणलं, तर क्षणभर थांबा, आणि उत्तररंग राहून गेलेल्या आमच्या तृप्तीताईंची आठवण ठेवा.