दोन चौसष्ट

दसरा होऊन चार दिवस झाले होते आणि चंदना गावित यांच्याकडे आलेलं शेवटचं गिऱ्हाईक हरवलेल्या शेळीचं होतं. ठाण्याला पोलिसांच्या ठसे विभागात पंधरा वर्षं काढून त्या जव्हारला परतल्या आणि दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली. गावाने ती कौतुकाने वाचली, इतकंच. म्हणून नीता महाले दारात उभी राहिली तेव्हा बाईंना मनापासून बरं वाटलं.

ओसरीवर माघ्याही होता. तो दाभोसा-जव्हार जीप चालवायचा आणि दोन फेऱ्यांमधला वेळ इथे घालवायचा. तपासात त्याची मदत शून्य, मतं मात्र पोतंभर.

नीता आणि तिचे काका हेमराज सर मिळून कॉम्प्युटर क्लास चालवत. कॉम्प्युटर दोन. बाहेरच्यावर मुलं पाळीपाळीने घराचं त्रिमिती चित्र काढायला शिकत, आतल्या खोलीतल्यावर सर पत्रं टाइप करत. दोन्हींत चित्र दाखवणारी ग्राफिक्स कार्डं क्लासमध्ये कामाला असलेल्या भावेशने गणपतीत आणून बसवली होती. बाहेर एमएक्स चारशे, आत एमएक्स दोनशे.

“दसऱ्यानंतर बाहेरचा कॉम्प्युटर लावला तर चित्र अडखळत फिरायला लागलं,” नीता म्हणाली. “भावेशने झाकण उघडलं आणि म्हणाला, हे मी बसवलेलं कार्ड नाही. काका लगेच म्हणाले, मग ते विकलंस कुठे? सगळ्या मुलांसमोर त्याला चोर म्हणाले आणि काढून टाकलं. उद्या सकाळच्या एसटीने तो वसईला चाललाय. ताई, चोर शोधा. पण तो भावेश नसू दे.”

भावेश साखरशेतचा. गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो पहिलाच. एकदा चोर ठरला की कुणी त्याला झाकणाला हात लावू देणार नव्हतं.

“त्यानेच केलंय,” जीप सुरू करताना माघ्या म्हणाला. “उघडता त्यालाच येतं ना?”

साखरशेतला भावेश अंगणात पिशवी भरत होता. आधी बोलेना. बाईंनी चोरीचं नावच काढलं नाही. दोन कार्डांत फरक काय, एवढंच विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

“दोन्हींवर चौसष्ट एमबी मेमरी लिहिलंय, बाई. लोक तेवढंच बघतात. पण चारशेवर मेमरीच्या चिप आठ हायेत, दोनशेवर चारच, मोठ्या. टाकी तेवढीच, एकीला आठ नळ, दुसरीला चार. चारशेचा वेगही थोडा जास्त. मी दोन्हींची एकच चाचणी लावली होती. आकडे भिंतीवर चिकटवलेत.”

“आत्ता त्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे?”

“चार चिपवालं. पुढे बघूच दिलं नाय.”

दसऱ्याला तो कुठे होता, हेही बाईंनी विचारलं. अष्टमीलाच तो भात कापायला घरी आला होता. अख्ख्या पाड्याने त्याला शेतात पाहिलं होतं.

“रात्री जाऊन आला असेल,” माघ्या परतीच्या वाटेवर म्हणाला.

क्लासात सर दारातच भेटले. ताठ, इस्त्रीचा सदरा. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षक म्हणून तीस वर्षं काढलेली. स्वभाव कडक, पण खोटं बोलणारा माणूस नव्हे.

“मशीनच लबाड,” ते वैतागून म्हणाले. “दसऱ्यानंतर माझं सुरू केलं तर म्हणे नवीन सामान सापडलं. मी ‘होय’चं बटण दाबलं, विषय संपला.”

नीतानेही मान हलवली. बाहेरच्यानेही तेच विचारलं होतं.

बाई क्लासभर फिरल्या. भिंतीवर भावेशचा कागद होता: चारशेवर सेकंदाला बावन्न चित्रं, दोनशेवर सत्तावीस. तीच चाचणी नीताने पुन्हा लावली. बाहेरचा कॉम्प्युटर सत्तावीसवर थांबला.

खंडेनवमीचं हळदकुंकू अजून जागोजागी होतं. प्रिंटरवर, स्टुलावर, झाडूच्या मुठीवरसुद्धा. कॉम्प्युटरच्या दोन डब्यांवर मात्र नव्हतं. बाहेरच्या डब्याचं झाकण काढल्यावर बाईंनी भिंग लावलं. कार्डावरच्या धातूच्या ठोकळ्यावर कुंकवाचा ठिपका होता.

झाडलोट करणाऱ्या हिराबाईला विचारलं. ती म्हणाली, “फुला मीच आणली. सरांनी पाट मांडला, मंग मना नारळ आणाया धाडला. पाटावर काय मांडला, ता मी नाय बघला.”

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मुलंही हवीत, हे निक्षून सांगितलं. भावेशला माघ्या घेऊन आला.

“या घरात चोरीच झाली नाही,” बाई म्हणाल्या.

“मग कार्ड बदललं कसं?” माघ्याने विचारलं.

“चोराने बाहेरून एक कार्ड आणून बदललं असतं, तर नवीन सामान एकाच कॉम्प्युटरला सापडलं असतं. सापडलं दोघांना. म्हणजे दोघांच्याही पोटात हात गेला. बाहेरचा आता सत्तावीस दाखवतो, तो आतल्याचा आकडा. आणि कुंकू झाडूलाही मिळालं, मग दोन डबेच उपाशी का? कारण त्यांचा वाटा आत लागला. सर, आयटीआयमध्ये खंडेनवमीला पूजा कशी व्हायची?”

सर सवयीने बोलून गेले. “हत्यार पेटीत ठेवून पूजा नाही. काढायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं.”

“इथेही तसंच केलंत?”

“अर्थात. भावेशने बसवताना नीट पाहिलं होतं. एकेक स्क्रू. पूजा झाली, दोन काढली होती, दोन परत लावली. माझा हिशेब चोख...” ते थांबले. “दोन्हींवर चौसष्टच लिहिलं होतं. कुठलं कुठे, याने काय फरक पडतो?”

नीताने आतल्या खोलीतला डबा उघडून टेबलावर आणला. चिप आठ होत्या, आणि ठोकळ्यावर कुंकू.

सरांनी वाकून चिप स्वतः मोजल्या. माणूस कडक होता, पण चूक दिसल्यावर ती झाकणारा नव्हता.

“याला मी तुमच्यासमोर चोर म्हणालो,” ते मुलांकडे वळले. “तुमच्यासमोरच सांगतो. चोर हा नाही. अडाणी मी. भावेश, मला माफ कर.”

भावेश रडायलाच लागला. सरांना हात जोडू देईना.

मग सरांनी एक गोष्ट केली, जिची चंदनाबाईंनाही कल्पना नव्हती. ते मुलांच्या बाकावर सर्वांत पुढे जाऊन बसले आणि खिशातलं पेन काढलं.

“वसईला जायचं तर ये जाऊन. पण आधी हे आठ आणि चार मला शिकव. पहिल्यापासून.”

भावेशने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि तो टेबलाशी गेला.

“आधी विजेची वायर काढायची, सर,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”

सरांनी लिहून घेतलं.