सावित्रीचं मातीचं खोरं

गोमाजी गुरुजी लंगडत पुढे झाले आणि शाळेचं कुलूप काढून दारातच थबकले. मागच्या खिडकीजवळचा पाट रिकामा होता. त्यावर मातीत घडवलेलं सावित्री नदीचं खोरं, डोंगरउतारांसकट, नाहीसं झालं होतं.

त्या खोऱ्यावर पाणी सोडून नदी शिकवायची, असा तो धडा. पोलादपूरपलीकडच्या या शाळेत विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आज तो बघणार होता. पसंत पडला तर शिक्षकाला अनुदान, वर्षभर पगारी रजा आणि विभागात बसून संशोधन. अर्ज गुरुजींचा. बघायला आलेल्या प्राध्यापिका जानकी मोरे त्यांच्याच विद्यार्थिनी. शिफारसही जानकीबाईंचीच, तीसुद्धा वर्ग न बघता.

"किल्ल्या कुणाकडे?" जानकीबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे आणि मंजुळाबाईंकडे. मी काल शाळा सुटल्यावर इकडे फिरकलो नाही. जमीन बघ, अजून ओली आहे. सारवतं कोण? बाईच."

शाळा समितीचे कुशाबा तापले. "मंग इचारायचं काय? गुरुजींचं बरं झालेलं तिला बघवत नाय. आजच्या आज काढा तिला!"

मंजुळा कांबळे बौद्धवाडीतली सहशिक्षिका. ती एवढंच म्हणाली, "मी काल सारवलं नाही."

"पिशवी दाखवा," जानकीबाई म्हणाल्या. मातीचं खोरं पिशवीत मावेल कसं, हा साधा प्रश्न एवढ्या शिकलेल्या बाईंना पडला नाही.

ओसरीवरच्या बाकावर एकेक वस्तू निघाली. भाकरीचा डबा, फणी, खडूचे तुकडे, मुलीचं झबलं. मंजुळा भिंतीकडे बघत राहिली.

जानकीबाई उंबऱ्यावर वाकल्या. सारवणाचा प्रत्येक फेर आधीच्या फेरावर चढत गेला होता. पहिला दारापाशी, शेवटचा खिडकीखाली.

"गुरुजी, पायाला काय झालं?"

"सकाळी बांधावर घसरलो."

"घरी कधी सारवलंय?"

"ते काय पुरुषाचं काम आहे?"

"तेच तर. सारवणारी बाई आतून सुरू करते आणि मागे सरकत दारातून बाहेर पडते. इथे दारापासून सुरुवात झालीय. ज्याला सवय नाही तो ओल्या जमिनीत आतच कोंडला गेला. मग खिडकीतून उडी मारली, पाय मुरगळला, वळसा घालून कुलूप लावलं. किल्ल्या दोघांकडेच, गुरुजी. मंजुळाबाई अशी चूक झोपेतही करणार नाहीत."

गुरुजी पायरीवर बसले. "काल संध्याकाळी म्हटलं, एकदा करून बघू. तिच्यासारखं हळू पाणी सोडायचं सुचलं नाही, घागरच ओतली. सगळा डोंगर विरघळला. चिखल ओढ्यात टाकला. डाग जाईना, म्हणून सारवलं."

"खोरं कुणी केलं होतं?"

"तिनं."

"आणि धडा?"

"तोही तिचाच." कुशाबा आपल्या चपलांकडे बघू लागले.

जानकीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंजुळाबाई, अर्ज तुमच्या नावानं करा. शिफारस मी आत्ता लिहून देते."

"धडा न बघताच?" मंजुळा म्हणाली. "नको. खोरं मी पुन्हा घडवीन, तेव्हा येऊन बघा. आधी माझी पिशवी भरा, बाई. तुम्हीच रिकामी करायला लावलीत."

जानकीबाई खाली वाकल्या. डबा ठेवला, फणी ठेवली, खडू वेचले. झबल्याची घडी काही केल्या त्यांना नीट घालता येईना, आणि मंजुळा ती पूर्ण होईपर्यंत हात पुढे न करता उभी राहिली.