ढिगाला मारलेली हाक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ज्यांना हसायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग हसावं.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, उल्काची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की बाई उठून चहा टाकायला जायच्या.

आता जात नाही. बसून ऐकते.

दिवस सोमवार, ६ जानेवारी २०२५. ठिकाण आयर्लंड, लिमरिकच्या बाहेरची घरांची एक नवी वसाहत. आणि वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण तिकडे हिवाळ्यात त्या वेळीही धड उजाडलेलं नसतं.

शनिवारपासून बर्फ पडत होता. त्या देशात पाऊस बारमाही, पण असा बर्फ कधीतरीच. त्यामुळे बर्फ काढायचं फावडं कुणाकडेच नाही. समोरचा पॅट तर केक भाजायच्या ट्रेनं दारातला बर्फ ओढत होता. वीज गेली होती. गाड्या बंद. पक्ष्यांचाही आवाज नाही.

उल्काचा नवरा अभिजित कामासाठी डब्लिनला गेला होता, तो तिकडेच अडकला. घरात ती आणि नागपूरहून आलेले तिचे बाबा, दोघंच.

बाबांच्या हृदयाच्या गोळ्या उद्यापर्यंतच पुरणार होत्या. म्हणून गाडी बाहेर काढायला हवी होती. उल्कानं बागेतलं खोरं घेतलं आणि बाबांना बजावलं, "तुम्ही खिडकीतून बघा. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? थंडीत कष्टाचं काम नाही."

"हाव वं," बाबा त्यांच्या नागपुरी बोलीत 'हो' म्हणाले.

पाच मिनिटांत म्हातारा कानटोपी घालून बाहेर हजर.

त्यांचंही चूक नव्हतं. बाबांची, म्हणजे मुरलीधररावांची, उमेदीची वर्षं हिमाचलात, उंचावरच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा डोझर चालवण्यात गेली. उल्का नऊ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. लोक गाव म्हणतात तेव्हा तिला नागपूर आठवत नाही. तिला पत्र्याच्या छपरांची ती क्वार्टर्सची रांग आठवते. वाळत घातलेली चादर फळीसारखी ताठ व्हायची, ती आठवते. आणि तिला 'उलके' म्हणत खांद्यावर बसवून शाळेत नेणारे सुभाषकाका. बाबांचे जोडीदार, बाबांच्याच गावचे.

एका हिवाळ्यात रस्ता साफ करताना बर्फाचा कडा खाली आला. सुभाषकाका सापडले नाहीत. छोट्या उल्काला घरी सांगितलं, काकांची बदली झाली.

खरं काय ते तिला मोठेपणी कळलं.

तर, गेटजवळ वाऱ्यानं बर्फाचा ढीग लावला होता. कमरेएवढा. उल्का त्यात खोरं घालणार, तेवढ्यात बाबा ओरडले.

"थांब! पहिले हाक मार."

"कोणाला?"

"बरफाले."

त्यांच्या कामावरचा तो नियम होता. मशीन बंद करायचं, खाली उतरायचं, ढिगाला तीनदा हाक मारायची आणि श्वास रोखून ऐकायचं. आतून उत्तर आलं तर डोझर लावायचा नाही. मग हातानंच खणायचं, कितीही वेळ लागो. माणसाच्या आधी लोखंड लागता कामा नये.

"बाबा, हे लिमरिक आहे. ह्या ढिगात फार तर मांजर मावेल!" उल्का हसली.

बाबा हसले नाहीत. तोंडाभोवती हात धरून त्यांनी हाक मारली.

"कोनी हाय काऽऽ?"

समोर पॅट ट्रे हातात धरून बघत राहिला. उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोनी हाय काऽऽ?"

"बाबा, बास ना..."

"कोनी हाय काऽऽ?"

मग शांतता. अशी, की तिला स्वतःच्या कानातला ठोका ऐकू येत होता.

आणि...

"हाव..."

अगदी हळू. खालून.

उल्कानं बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. आपल्याला भास झाला, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण बाबा गुडघ्यांवर बसले होते. हातमोजे काढून फेकून दिले होते आणि नुसत्या हातांनी बर्फ उपसायला लागले होते.

"आलो बापा, आलो! थांब जरा, सुभाष..."

बहात्तर वर्षांचा माणूस. बोटं लाल झाली, मग पांढरी पडली. ओठ निळे दिसायला लागले. उल्का दंड धरून ओढत होती आणि ते तिला झिडकारत होते.

पॅट रस्ता ओलांडून आला. "इज युवर मॅन ऑलराइट?" म्हणजे, हे गृहस्थ बरे आहेत ना.

"ही इज ग्रँड," ठीक आहेत, असं उल्का कशीबशी म्हणाली. काय सांगणार होती ती त्याला?

बाबांनी एक हात छातीवर दाबला. दुसऱ्यानं खणणं चालूच.

उल्का रडायला लागली. "बाबा, मराल हो तुम्ही! अँब्युलन्ससुद्धा यायची नाही या बर्फात. पाया पडते, आत चला."

बाबा थांबले. धापा टाकत तिच्याकडे बघत म्हणाले, "तू होती न इथं. एवढंच सांग. तुले आवाज आला का नाई? नाई म्हनशील, तर उठतो मी. म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ म्हनतो अन् उठतो."

उल्का तोंड उघडणार, एवढ्यात...

"हाव... हाव..."

या वेळी स्पष्ट. तिच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर. दात वाजत असलेल्या माणसाचा आवाज.

पॅट बाबांकडेच बघत होता. त्याला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

उल्कानं बाबांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही बाबा. मला काहीच आवाज आला नाही."

 बाबा तिचाच आधार घेऊन उठले. गुडघे झटकले.

"साहेबानं बी मले असंच इचारलं होतं वं."

"काय?"

"सुभाष गाडला गेला त्या दिवशी. म्हने, मुरली, तू हाक मारली, काही आवाज आला का? मी म्हनलो, नाई साहेब."

उल्कानं त्यांचे फेकलेले हातमोजे उचलले.

"आला होता. एकदाच, पन आला होता. हातानं खनलं असतं त दोन दिवस रस्ता बंद राहिला असता. अन् तू घरी तापानं फनफनून राहिली होती. डोळे फिरवले होते तू. डॉक्टर रस्त्याच्या पल्याड." त्यांनी तिच्या डोक्यावर गारठलेला हात ठेवला. "मशीन चालवली मी. संध्याकाळी डॉक्टर आला."

 उल्कानं त्यांना धरून घराकडे नेलं. पॅट मागून म्हणत होता की औषधं तो चालत जाऊन आणेल, काळजी करू नकोस. तिनं मान हलवली. बाबांना आत सोफ्यावर बसवलं आणि ती दार लावायला वळली.

दार बंद होता होता, बाहेर ढिगाकडून...

"...उलके?"

तिनं कडी घातली.

गुरुवारी बर्फ वितळला. गेटजवळ ओलं गवत होतं. दुसरं काही नाही. त्या सोमवारच्या रात्रीपासून बाबांना शांत झोप लागते म्हणे. तीस वर्षांत लागली नव्हती तशी. नागपूरला परतले, तब्येत ठणठणीत आहे.

झोपत नाही ती उल्का.

मला हे तिनं दिवाळीत फोनवर सांगितलं. मी म्हणालो, अगं, तू बापाला वाचवलंस, आणखी काय करणार होतीस?  ती म्हणाली, "बाबांना सुभाषकाकांनी एकदाच उत्तर दिलं होतं. मला तर त्यांनी ओळखलं रे."