पडद्याआडची टिटवी

कंदील जरा जवळ घ्या रे. भिवा माझ्या बापाच्या बरोबरीचा, मिठागरावर दोघं एकत्र राबलेले. भिवाच्या डाव्या पायाची करंगळी फावड्यानं गेलेली. त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट.

शके अठराशे सहा. पौष वद्य चतुर्दशीची रात्र. ठाण्यात तळ्याकाठी नाटक मंडळीचा मांडव पडला होता. दिवसभर मीठ ओढून भिवा तिकडं निघाला. काम लहानसं. राजपुत्र लढाईला निघाला, की पडद्याआडून टिटवीसारखं तीनदा ओरडायचं. पुढं तो मरणार, त्याची ती खूण. भिवा ओरडला की बाया पदर डोळ्याला लावत.

पण त्या दिवशी लेक शालू घरी कळा देत होती. पहिलटकरीण. निघताना बायको तुळसा म्हणाली, "आज तरी ते अभद्र ओरडू नका. घरात जीव येतोय."

भिवानं मंडळीचे मालक परशुराम यांना तसं सांगून पाहिलं.

"अरे बाबा, टिटवी ओरडली नाही तर माझा राजपुत्र मरायचा कसा? लोकांना वाटेल, लग्नालाच चाललाय!"

सगळे हसले. वाद घालायचं त्राण भिवात नव्हतं. तो गुमान पडद्यामागं जाऊन बसला.

वेळ आली. राजपुत्रानं तलवार कमरेला लावली. भिवानं उपरण्याचा बोळा केला आणि आपल्याच तोंडात कोंबला. मनात म्हणाला, शालू, आज नाही ओरडत गं.

मांडव गप्प...

आणि टिटवी ओरडली.

एकदा. दोनदा. तीनदा.

आवाज त्याचाच. अगदी कानामागून. भिवानं वळून पाहिलं. मागं नुसता अंधार.

परशुरामांनी येऊन पाठीवर थाप मारली. "शाबास! असा कधीच ओरडला नव्हतास."

बोळा अजून तोंडातच होता.

भिवा उठला. खाडीच्या बांधानं घराकडं निघाला. मग पळतच सुटला.

"तुळसे!"

आतून बाळाचं रडणं आलं. भिवा उंबऱ्यावरच बसला. त्याला हुंदका आवरेना.

तुळसा बाहेर आली. "शालू बरी हाय. मुलगा झाला. पण अवो, परत कशाला हाका मारता? मघाशी तीनदा मारल्यात ना?"

"मी?"

"मग कोण? दार उघडलं तर सरळ आत. बाळंतिणीच्या खोलीत असं शिरतात व्हय? नातवाकडं बघत उभं राहिलात. मी पाणी तापवायला वळले, तर नाहीसे."

भिवानं दिवा उचलला.

जमीन तिन्हीसांजेलाच सारवलेली. अजून ओली. तिच्यावर पावलं उमटली होती. डाव्याला करंगळी नव्हती. भिवानं आपला पाय त्यावर ठेवला...

बरोबर बसला.

पावलं दारातून निघून, बाळ निजवलं होतं त्या सुपापर्यंत गेली होती.

परत आलेलं एकही नव्हतं.