साठीत पंख फुटणारा लाडोबा

"मामा, थांबव! मशीन थांबव!"

बोका इतक्या जोरात किंचाळला, की मामाच्या हातातून साबणाचं माप सुटलं आणि सगळ्या फरशीवर पावडर पसरली. मामाच्या लाँड्रीतलं धुलाईचं मोठं मशीन गोल तोंड वासून बसलं होतं आणि मामा त्यात पांढऱ्या टॉवेलांचे बोळे कोंबत होता. त्यातल्याच एका बोळ्यातून काहीतरी हिरवं, चपटं डोकावत होतं!

बोक्याने झडप घातली. टॉवेल ओढला, तसा हातात मावेल एवढा एक व्हिडिओ गेम त्याच्या पुढ्यात पडला.

"अरे बापरे!" मामाने कपाळाला हात लावला. "आणखी जरा उशीर झाला असता, तर याची आंघोळच झाली असती!"

"बाबा, आई रोज सांगते ना, प्रत्येक कपडा झटकून मग आत टाका म्हणून?" शंकाने विचारलं.

"सांगते ना. पण आज ती कपडे पोचवायला गेलीय," मामा म्हणाला. जणू मामी बाहेर गेली, की तिचे नियमही तिच्यामागे गाडीवर बसून जातात!

शंका ही मामाची मुलगी. दहा वर्षांची. तिच्या तोंडात सतत "पण का?" असायचं, म्हणून हे नाव. बोका तिचा आतेभाऊ. दुधाच्या पातेल्याशी त्याचं फार जुनं सख्य. आणि बोक्याची मोठी बहीण भिंगरी, तिला एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिली नव्हती. दोघं भावंडं सुटीला मामाकडे आली होती आणि सकाळपासून "कंटाळा आला, कंटाळा आला" म्हणून मामाचं डोकं खात होती. आता मात्र तिघांची डोकी त्या गेमवर एकत्र आली.

बोक्याने बटण दाबलं. पडदा उजळला.

"जंतरबेट आहे!" तो ओरडला. बेटावर हिंडायचं, चित्रविचित्र जंतर पकडायचे, त्यांना लढायला शिकवायचं, वाढवायचं, असा तो खेळ. बोक्याच्या वर्गातली निम्मी मुलं तो खेळायची. "भिंगे, हे बघ! दरड्या! एकोणसाठाव्या पातळीचा दरड्या!"

"मग? एवढं काय त्यात?"

"काय त्यात? अगं, हा आधी ढेकळ्या असतो. मातीचं ढेकूळ आणि दोन डोळे, बास! त्याला काही म्हणजे काही येत नाही. बाकीचे जंतर विसाव्या पातळीला दांडगे होतात आणि हा आपला मुंगीच्या पावलांनी चालतो. मग कधीतरी त्याचा दरड्या होतो. पण साठावी पातळी आली ना, की गिरिराज! पंख असलेला डोंगर! त्याच्यासमोर कुणाची टाप नाही!"

"म्हणजे माणसांची साठी बुद्धी नाठी, आणि याला साठीत पंख!" मामा खो खो हसला.

"मीपण एक पाळला होता," बोका जरा खालच्या आवाजात म्हणाला. "पंधराव्या पातळीला सोडून दिला. कंटाळलो. हा ज्याचा असेल ना, त्याने खूप म्हणजे खूप दिवस सांभाळलाय. आत्ता बिचारा रडत असेल!"

दरड्याच्या डोक्यावर त्याचं लाडकं नाव लिहिलेलं होतं, 'लाडोबा'. आणि खेळाडूचं नाव होतं, 'धाकटा'.

"कुणीतरी छोटा मुलगा दिसतोय," भिंगरी म्हणाली. "मामा, हे टॉवेल कुणाचे?"

"लॉजचे! थांबा, आत्ता फोन लावतो." मामाने फोन उचलला. मामा फोनवर असा बोलायचा, की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये. "हॅलो! लाँड्रीतून बोलतोय! तुमच्याकडे कुणाचा गेम हरवलाय का? हिरवा आहे! आत दरड्या नावाचं जनावर आहे! हो! त्याचं नाव लाडोबा! एकोणसाठ पातळी! आणि मालकाचं नाव धाकटा!"

भिंगरी दोन्ही हात हलवून "सगळं सांगू नकोस!" अशा खुणा करत होती. पण मामाचं सगळं सांगून झालं होतं.

"मिळाला मालक!" फोन ठेवत मामा म्हणाला. "मॅनेजरने जेवणाच्या खोलीत उभं राहून विचारलं, आणि एका पाहुण्याने लगेच हात वर केला. येतोच आहे तो. बघा, काम कसं चुटकीसरशी होतं!"

शंका मात्र टॉवेलाचा कोपरा डोळ्यांजवळ धरून बसली होती. "पण बाबा, लॉजच्या कपड्यांना लाल दोऱ्याची खूण असते. हा तर निळा दोरा आहे. निळा म्हणजे पोहण्याचा तलाव!"

बोक्याने टॉवेल नाकाला लावला. "शी! तलावातल्या औषधाचाच वास येतोय!"

"अगं, लाल दोरा संपला असेल म्हणून तुझ्या आईने निळा घातला असेल," मामा फरशीवरची पावडर झाडत म्हणाला. "आणि तो माणूस स्वतः सांगतोय ना, माझा आहे म्हणून? मग झालं तर!"

"झालं कसलं!" भिंगरीने दोघांना दाराबाहेर ओढलं. "मामाने नाव, गाव, पातळी सगळं सांगून टाकलंय. आता कुणीही येऊन म्हणेल माझा! तुम्ही दोघं तलावावर पळा आणि धाकट्याला शोधा. मी इथे थांबते."

"आणि तोवर तो माणूस आला तर?"

"तर बघते मी त्याच्याकडे!"

तलाव जवळच होता. पोहण्याचा वर्ग नुकताच सुटला होता आणि ओल्या केसांची मुलं बाकावर बसून बूट घालत होती.

"तुमच्यात धाकटा कोण आहे?" बोक्याने धापा टाकत विचारलं.

"मी!" "मीपण!" "मी सगळ्यांत धाकटा!" एकदम सगळे हात वर! फक्त एकजण गंभीरपणे म्हणाला, "मी एकुलता एक आहे."

"आणि गेम कुणाचा हरवलाय?"

सगळे हात खाली.

"आता काय?" बोका रडवेला झाला. तो काठाकाठाने पुढे धावला, तेवढ्यात फुर्र्र्र!

"पळायचं नाही!"

बोका जागच्या जागी गोठला. समोर पोहायला शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. उंच, धिप्पाड, गळ्यात शिट्टी. सगळी मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणायची, पण फक्त पाण्याखाली असताना! बोक्याला दटावून बाई वळल्या आणि त्यांनी टॉवेलांची टोपली पालथी केली. टोपलीत काहीच नव्हतं. त्यांनी ती उचलली, आत पाहिलं आणि पुन्हा पालथी केली.

"बोक्या," शंका कुजबुजली, "रिकामी टोपली कुणी दोनदा का पालथी करेल?"

"त्या? छे! काहीतरीच काय! त्यांना धाकटा कोण म्हणेल?"

"पण ओरडून तर बघ!"

बोक्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि तो ओरडला, "लाडोबा!"

शिट्टीबाईंच्या हातातली टोपली टपकन खाली पडली. त्या गर्रकन वळल्या.

"कोण म्हणालं ते? सापडला का? कुठेय माझा लाडोबा?"

त्यांचा आवाज चक्क कापत होता! मग एका दमात सगळं बाहेर आलं. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. जहाजावर नोकरीला होता. ढेकळ्या त्यानेच पकडला आणि जाताना ताईच्या हातात देऊन म्हणाला, "याला वाढव. साठावी पातळी आपण दोघं मिळून बघू."

"मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "एक वर्ग सुटून दुसरा भरेपर्यंत बसून खेळायचे. पण लळा लागला बघा! उद्या येतोय तो. आणि आज मी पाणी उडू नये म्हणून गेम टॉवेलात गुंडाळला, आणि तो टॉवेल गेला धुवायला! माझाच वेंधळेपणा!"

"मग चला लवकर!" शंकाने त्यांचा हात ओढला. "दुसराच कुणीतरी न्यायला आलाय त्याला!"

बाईंनी दोघांना पुढ्यात घेतलं आणि त्या रस्त्याला लागल्या. त्यांच्या ढांगांबरोबर चालता चालता बोक्याची दमछाक झाली. "बाई, पळायचं नाही ना?"

"ते तलावाच्या काठावर! इथे पळा!"

इकडे लाँड्रीत सगळा गोंधळ माजला होता. टेबलावर, फरशीवर, इस्त्रीच्या फळीवर, जिकडे तिकडे उशांचे अभ्रे पसरले होते. मामा एकेक अभ्रा उलटा करून झटकत होता. चकचकीत जाकीट घातलेला एक तरुण घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होता. आणि मध्ये भिंगरी, साळसूद चेहऱ्याने उभी!

"सांभाळून ठेवावा म्हणून एका अभ्र्यात ठेवला होता," ती म्हणत होती. "पण सगळे अभ्रे सारखेच दिसतात हो काका!"

"अगं, संध्याकाळी टाउन हॉलमध्ये जंतरबेटाची स्पर्धा आहे! मला लाडोबाला उतरवायचंय!"

"त्याला कुणी कुठेही उतरवायचं नाही!" दारातून आवाज आला आणि शिट्टीबाई आत शिरल्या. "तो माझा आहे."

"हे बरंय!" जाकीटवाला हसला. "नाव लाडोबा, पातळी एकोणसाठ. आणि घरात सगळे मला धाकटा म्हणतात. आणखी काय पुरावा हवा?"

"हे सगळं तर बाबांनीच फोनवर सांगितलंय!" शंका म्हणाली.

मामा एकदा जाकीटवाल्याकडे बघे, एकदा बाईंकडे. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शंका बोक्याच्या कानाशी लागली, बोक्याने जोरात मान हलवली, आणि ती म्हणाली, "बाबा, दोघांना एकच प्रश्न विचारूया. लाडोबा ढेकळ्या होता, तेव्हा त्याने पहिली लढाई कशी जिंकली?"

"हात्तिच्या! सोपं आहे!" जाकीटवाल्याने छाती फुगवली. "दरडीचा मारा! एका फटक्यात समोरचा आडवा! पहिल्या दिवसापासून मी त्याला एकट्यानेच लढवलंय!"

शिट्टीबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"जिंकली? अहो, ढेकळ्या कुठला जिंकतोय! त्याला एकच यायचं, लोळण! आणि ते करताना लागायचं कुणाला? त्यालाच! मी त्याला नुसता समोर उभा करायचे, लगेच मागे बोलवायचे आणि माझ्या दुसऱ्या जंतराला, बदकाला, लढायला पाठवायचे. लढायचं बदक, पण शिकायचे दोघं. असे कितीतरी महिने गेले. तो दरड्या झाला तेव्हा कुठे पहिल्यांदा स्वतः जिंकला. त्या दिवशी आनंदाच्या भरात मी शिट्टी फुंकली आणि सगळी मुलं घाबरून पाण्याबाहेर आली!"

"बरोबर! अगदी बरोबर!" बोका उड्या मारायला लागला. "माझापण नुसता लोळायचा! ज्याने ढेकळ्या पाळलाय, त्याला हे माहीत असणारच! मोठा झाल्यावरचा रुबाब काय, कुणीही सांगेल!"

"ते... फार दिवस झाले... विसरलो असेन," जाकीटवाला चाचरला.

"कोण काय विसरलं?" दारात मामी उभी होती, दोन्ही हातांत रिकाम्या पिशव्या. शंकाने घडाघडा सगळं सांगितलं. मामीने टॉवेलाचा कोपरा पाहिला. "लाल दोरा संपला? अख्खं रीळ आहे माझ्याकडे! हा टॉवेल तलावाचाच." मग ती जाकीटवाल्याकडे वळली. "तुम्ही लॉजवर उतरलात ना? थांबा, मॅनेजरलाच इथे बोलावते."

"नको, नको! माझा... माझा दुसरा असेल!" असं म्हणत तो उशांच्या अभ्र्यांत अडखळत बाहेर पडला आणि दिसेनासा झाला.

"पण गेम कुठेय?" शिट्टीबाईंनी काळजीने विचारलं.

"मामाला विचारा," भिंगरी म्हणाली.

"मला? मी तर सगळी लाँड्री झटकली!"

"स्वतःचा खिसा सोडून! मीच हळूच टाकला होता त्यात!"

मामाने एप्रनच्या खिशात हात घातला. हिरवा गेम बाहेर आला! मामी हसून हसून स्टुलावर बसली आणि शेवटी मामाही हसायला लागला. "हरलो बाबा या पोरांपुढे! आजपासून आधी खिसा, मग मशीन!"

दुसऱ्या दिवशी तलावाच्या बाकावर नुसती झुंबड उडाली. शिट्टीबाईंचा भाऊ खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता आला होता. बाईंनी गेम त्याच्यापुढे केला.

"नाही ताई, तूच खेळ," तो म्हणाला. "मी नुसता पकडला. वाढवलास तू."

एका साध्या किड्याशी लढाई झाली. लाडोबा जिंकला. पडदा पांढरा झाला, थरथरला, आणि दरड्याच्या पाठीतून दगडी पंख उलगडत गेले. गिरिराज! सगळ्यांनी एकदम श्वास रोखला आणि मग असा जल्लोष केला, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

भावाने तिघांशी हात मिळवले. "माझं जहाज परत निघेल तेव्हा सगळ्यांना सांगेन, माझ्या ताईचा लाडोबा कुणी वाचवला ते!"

"एकीचे डोळे, एकाचं नाक आणि एकीचं डोकं!" मामीने तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "आम्ही मोठी माणसं नुसती घाई करत होतो, तुम्ही नीट पाहिलंत. शाब्बास!"

शिट्टीबाईंना मात्र हे काही ऐकू येत नव्हतं. गिरिराज पहिल्यांदाच उडत होता आणि झाडांवर आपटत, धडपडत बेटाभोवती सुसाट निघाला होता. इतके महिने "वाढ की रे लवकर!" म्हणून त्याच्या मागे लागलेल्या बाई आता पडद्याला नाक लावून ओरडत होत्या, "अरे, सावकाश, लाडोबा! सावकाश! पडशील ना!"