सलग नळी

मिस्त्रींना सायकलच्या फ्रेमी बांधायला लागून तीस वर्षं झाली होती, पण बेल्टवर चालणारी फ्रेम ही पहिलीच. तीही लेकीने हट्ट धरला म्हणून. चेनचं काय, एक कडी सोडवली की कुठूनही ओवता येते. बेल्ट मात्र अखंड असतो. कापला की संपला. म्हणून मागच्या चाकाच्या वरच्या तिरक्या नळीत फट ठेवायची, बेल्ट तिच्यातून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात सारायचा आणि फट स्क्रूंनी आवळून टाकायची. आराखड्यावर ती जागा त्यांनी लाल पेन्सिलीने दोनदा गिरवली होती.

सकाळी रंग वाळलेली फ्रेम खुंटीवरून उतरवली आणि मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. नळी सलग होती. हात सवयीने चालला आणि फट राहूनच गेली. लेकीची शर्यत उद्यावर आलेली. स्वतःला चार शिव्या हासडून ते करवत घ्यायला वळले, तेव्हा त्यांना दिसलं. बेल्ट आधीच त्या त्रिकोणात ओवलेला होता.

लेक चहा घेऊन आली.

"अगं, हा तू घातलास?"

"मी? मला कुठे जमतंय! तुम्हीच घातला असणार, बाबा. विसरलात."

मिस्त्री भुताखेतांना मानणारे नव्हते. भिंग लावून त्यांनी बेल्टचा दात न् दात पाहिला. कुठे चिकटवल्याची खूण नाही. नळीवरचा रंग खरवडला. खाली सलग पोलाद. बेल्ट आत ठेवून डाग दिला म्हणावं, तर त्या आचेने तो केव्हाच वितळला असता.

"कापतो मी ही."

"काहीतरीच काय! उद्या शर्यत आहे. नुसती पुलापर्यंत जाऊन येते."

दुपारपर्यंत तिने चाकं, पायडल सगळं चढवलं. बेल्टचा ताण तो तारेसारखा छेडून बघतात. तिने छेडला. सूर नेमका लागला.

तिला जाऊ देऊ नये असं मिस्त्रींना फार वाटलं. पण कारण काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर इतकी देखणी फ्रेम त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. त्यांनी तिला जाऊ दिलं.

गिऱ्हाईक नको म्हणून त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि खण उपसला. फटीचे स्क्रू पाकिटातच होते. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

बाहेरून पाण्याचा टँकर रस्ता भिजवत गेला.

मग पाठीमागे तोच सूर वाजला.

लेक टेबलाला सायकल टेकवून उभी होती. "काय पळते, बाबा! कुठे अडतच नाही."

मिस्त्रींनी तिचा हात धरला. ऊबदार होता. त्यांना रडूच येणार होतं.

तिचा हात न सोडता त्यांनी मान वळवली. कडी तशीच होती. ओल्या टायरची रेघ बंद दाराच्या फळीखालून निघून सरळ सायकलपर्यंत आली होती.

"पोरी, दार..."

"कुठलं दार?" ती म्हणाली.